अद्भुतचित्रे आणि त्यांचे प्रेक्षक

कोणत्याही कलेचा इतिहास चाळू लागले, म्हणजे पहिल्याने कर्त्यांचीच नावे पुढे येतात. चित्र कोणी काढले, नाटक कोणी रचिले, यंत्र कोणी आणिले, ह्याची टिपणे कोठे ना कोठे सापडतात. परंतु ते चित्र पाहून जे हसले, भ्याले, किंवा कंटाळून अर्ध्यातून घरी गेले, त्यांचे मत काय पडले, हे लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कर्त्याचे म्हणणे कागदावर राहते आणि प्रेक्षकाचे म्हणणे वाऱ्यावर जाते. तथापि जी कला प्रेक्षकावाचून उभीच राहू शकत नाही, तिचा अर्धा इतिहास त्या वाऱ्यावर गेलेल्या मतांतच असतो, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत निबंधात हलत्या चित्रांतून सांगितल्या जाणाऱ्या अद्भुत साहसकथांविषयी, आणि विशेषतः त्या पाहणारांच्या मतांविषयी, थोडा विचार करावयाचा आहे. ह्या प्रकारास हल्ली ‘अ‍ॅनिमेशन’ ह्या इंग्रजी नावाने ओळखतात. आमचे वास्तव्य विरारच्या पूर्वेस चंदनसार येथे आहे. विरारहून मुंबईस जाणारी रोजची आगगाडी १८६७ साली सुरू झाली. परंतु चंदनसारचे खेडेपण त्यानंतरही पुष्कळ काळ टिकून होते. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ च्या १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि आता वाड्या, चाळी व उंच इमारती एकमेकींस खेटून उभ्या आहेत. एकाच जिन्यावर वाडवळी, मालवणी, अहिराणी, गुजराती व हिंदी ऐकू येते. ह्या भिन्न भिन्न घरांत एक गोष्ट मात्र सारखी आढळते. ती म्हणजे मुलांच्या हातातील मोबाइलवर चाललेली एखादी अद्भुत चित्रमालिका, आणि तिच्यावरून घरात उठणारा वाद. आजोबा म्हणतात, हा पोरखेळ आहे. आई म्हणते, ह्यात मारामारी फार, हा पोरांचा खेळच नव्हे. कॉलेजात जाणारा थोरला मुलगा म्हणतो, तुम्ही दोघांनीही तो पाहिलेला नाही. तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण तिघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात : लहानांचे पाहणे एक आणि मोठ्यांचे पाहणे दुसरे. ही वाटणी आपल्याकडे मुळापासून होती काय, आणि नसल्यास ती केव्हा व कशी झाली, हे पाहणे हाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

मुळापासून ती नव्हती, ह्याचा पुरावा शोधण्यास आम्हांस आमच्या जिल्ह्याबाहेरही जावे लागत नाही. जव्हार-मोखाड्याकडील गावांत होळीनंतर उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. लाकडाचे अथवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, नरसिंह, भीम, रावण, नाना प्रकारचे राक्षस, अशी सोंगे संबळाच्या तालावर एकामागून एक नाचत येतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवावयाचे, हा मान पिढ्यानुपिढ्या ठरलेला असतो. कथा सर्वांस ठाऊक असते. महिषासुर शेवटी देवीच्या हातून मरावयाचा आहे, हे पाच वर्षांच्या पोरासही माहीत असते. तरी सारा गाव रात्रभर जागतो. आईच्या मांडीवरचे मूल राक्षस पाहून किंचाळते, तरणे लोक नाचणाराची चाल पाहतात, आणि म्हातारे लोक हे सोंग ह्याच्या बापाने अधिक चांगले नाचविले होते, असा अभिप्राय देतात. खेळ एक, रात्र एक आणि मते तीन. पण ती तिन्ही मते एकाच अंगणात बसून होतात व एकमेकांच्या कानांवर जातात. मूल जे भिते ते आईच्या मांडीवर भिते, आणि म्हाताऱ्याचा जो अभिप्राय ते ऐकते, तोच पुढे त्याच्या रसिकतेचा पहिला पाठ होतो.

चित्रांच्या बाबतीतही हीच गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर मंडळी चित्रकथीचा खेळ करीत आली आहेत. रामायण-महाभारतातील आख्यानांची कागदावर रंगविलेली चित्रे, पाठीस पाठ लावून चिकटविलेली. अशा एका आख्यानाच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे करतो, गातो, बोलतो, आणि प्रसंग संपला की चित्र पालटतो. चित्र स्वतः हलत नाही. सांगणाराचा हात, आवाज आणि वाद्याचा ठेका त्यास हलवितात. सावंतवाडीच्या दरबाराचा ह्या कलेस आश्रय होता. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकांचा उल्लेख येतो, ह्यावरून चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत दक्षिणेत किती जुनी आहे, हे ध्यानात येईल. हेच लोक कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवीत. ह्या परंपरेतील श्री. परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या चित्रांत माणसांचे डोळे अवास्तव मोठे, राक्षसांचे दात बाहेर आलेले, घोडे वाऱ्यावर स्वार झालेले. प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने पाहणारास ती ‘चुकीची’ वाटतील. परंतु देवदेवतांस अशा रेखांत बसविल्याने त्यांचा अपमान झाला, अशी तक्रार कथेस बसलेल्या श्रोत्यांनी केल्याचे कोठे दिसत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

मग वाटणी झाली केव्हा? तिचे पहिले चिन्ह एकोणिसाव्या शतकात, आणि तेही रंगभूमीवर दिसते. १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे ह्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, आणि १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईस आली. सूत्रधाराचे गाणे, विदूषकाची थट्टा, देवांचे प्रवेश आणि आरडाओरडा करीत येणारे राक्षस, असा हा सर्व वयांचा अद्भुत खेळ होता. भाव्यांनी बाहुल्याही घडविल्या होत्या. पुढे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे लिहिलेले, ऐतिहासिक, सुशिक्षितांच्या रुचीचे नाटक आले. ह्याच काळात शाळा-कॉलेजांतून शेक्सपियर शिकलेला एक नवा प्रेक्षक तयार झाला, आणि ह्या प्रेक्षकाने जुन्या पौराणिक खेळांस ‘तागडथोम’ हे नाव देऊन टाकले. नाव विनोदी खरे. पण त्या एका शब्दात मोठी उलथापालथ झाली. तोपर्यंत राक्षसाची आरोळी सर्वांची होती. आता ती अडाण्यांची आणि पोरांची झाली. सुशिक्षिताने अद्भुत पाहू नये, पाहिल्यास कबूल करू नये, अशी एक प्रतिष्ठेची रेघ ओढली गेली. आम्ही इंग्रजी शिकलेल्या वर्गाचेच आहोत. ह्या वर्गाने मराठी नाटकास दिलेली देणगी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ह्या रेघेचे पितृत्वही त्याच वर्गाकडे जाते, हे सांगितलेच पाहिजे.

रेघ ओढली गेली तरी लोक तिच्या अलीकडे-पलीकडे जातच राहिले. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांची हकीकत ह्या दृष्टीने फार मनोरंजक आहे. ‘मॅजिक लँटर्न’ म्हणजे दिव्याच्या प्रकाशाने काचेवरील चित्र पडद्यावर मोठे करून दाखविणारे यंत्र. ते विलायतेहून येथे आले, तेव्हा त्यावर परदेशातील देखावे दाखविण्याचीच वहिवाट होती. पटवर्धनांनी मदनराव पितळे ह्यांच्या साहाय्याने त्याचा उपयोग आपल्या कथांसाठी करावयाचे मनात आणिले. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांची चित्रे काचांवर हाताने रंगवावयाची आणि ती अशा चपळाईने पालटावयाची की पात्र हलल्याचा भास व्हावा; जोडीस गाणे आणि संभाषण. ह्या खेळास त्यांनी नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. मायावी विद्येत निष्णात असलेला पुराणातील शंबरासुर आणि कंदील ह्या अर्थाचा खरोलिका हा शब्द, ह्यांच्या जोडणीने झालेले हे नाव उच्चारावयास कठीण, परंतु त्यातील अर्थ किती नेमका! १८९२ च्या सुमारास हे खेळ सुरू झाले आणि त्यांचे पुत्र रामचंद्र व विनायक ह्यांनी ते पुढे पुष्कळ वर्षे चालविले. त्याच १८९२ सालच्या २८ ऑक्टोबरला पॅरिस शहरी एमिल रेनो ह्या फ्रेंच गृहस्थाने हाताने रंगविलेल्या चित्रपट्टिकांचा आपला पहिला जाहीर प्रयोग केला, आणि पाश्चात्त्य ग्रंथकार तेथून ह्या कलेचा आरंभ मोजतात. दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. ल्युमिएर बंधूंची छायाचित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दिसली ती १८९६ च्या ७ जुलैस. म्हणजे मराठी माणसाने पडद्यावर हलणारे राम-सीता पाहिले ते चित्रपटाच्याही आधी, आणि तेही रंगविलेल्या चित्रांत. आज ज्यास आपण नवी, परकी आणि पोरकट कला म्हणतो, ती आपल्या घरच्या पडद्यावर चित्रपटाची थोरली बहीण म्हणून नांदून गेली आहे.

येथून दादासाहेब फाळक्यांकडे येणे स्वाभाविक होय. फाळक्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती बहुधा कर्त्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती प्रथम एका प्रेक्षकाची गोष्ट वाटते. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या मनःचक्षूंपुढे राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत स्वतःच नमूद केले. पुन्हा पाहावयास जाताना त्यांनी पत्नी सरस्वतीबाई ह्यांस बरोबर नेले. हिंदी चित्रपटाच्या इतिहासातील हा पहिला लिखित प्रेक्षकाभिप्राय म्हटला तरी चालेल, आणि तो एका मराठी मासिकाच्या पानांत जपला गेला, ही गोष्ट मासिकांच्या वाचकांस अभिमान वाटण्यासारखी आहे.

फाळक्यांनी भांडवल मिळविण्यासाठी प्रथम जे दाखविले, तेही एक चमत्कारचित्रच होते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला. महिन्याभराची वाढ क्षणांत डोळ्यांपुढून सरकली. निर्जीव वस्तू एकेक चित्राने पुढे सरकवून तीस जिवंत करावयाची, हेच तर ह्या कलेचे मर्म. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला, त्यात आगपेटीतील काड्या आपल्या आपण नाचत. पहिल्या महायुद्धामुळे पैसा व कच्ची फिल्म दोन्ही दुर्मिळ झाली होती. तेव्हा नट, पोशाख, देखावे ह्यांवाचून काय करता येईल, ह्याचे उत्तर त्यांनी दोन पैशांच्या आगपेटीत शोधिले. हा पट आज उपलब्ध नाही. पाहणारांनी त्यावर काय उद्गार काढिले, तेही उरले नाहीत. आणि प्रारंभी आम्ही म्हटले की अर्धा इतिहास वाऱ्यावर जातो, तो असा.

‘लंकादहना’ची (१९१७) गोष्ट मात्र लोकांच्या तोंडी राहिली. अण्णा साळुंके ह्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली होती. मारुती आकाशात उडत होता आणि लंका जळत होती. पडद्यावर प्रभू रामचंद्र येताच लोक पायांतील वहाणा काढून ठेवीत, आणि जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागत, अशा आठवणी सांगतात. आठवणीत थोडी भर पडली असेल. परंतु भर कोणत्या दिशेने पडते, ह्यावरूनही काळाचे मन कळते. तंत्राची करामत आणि देवाचे दर्शन ही दोन त्या प्रेक्षकास परस्परविरुद्ध वाटली नाहीत. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले. त्या पटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविले आहेत. म्हणजे हे आमच्या घरचे मूल आहे, आता पाहा ते देव कसे होते, असेच जणू प्रेक्षकास विश्वासात घेऊन सांगितले आहे. ते मूल पाहून मुले रंगली असतील आणि आयांचे डोळे भरून आले असतील. एकाच चित्राने दोन वयांस दोन निरनिराळ्या गोष्टी द्याव्यात, हेच सर्व वयांच्या कलेचे खरे लक्षण होय. जे केवळ लहानांस समजेल इतके सोपे केलेले असते ते सर्वांचे होत नाही. ज्यात प्रत्येकास आपल्यापुरते काही सापडते, तेच सर्वांचे होते.

सरकारलाही प्रेक्षकांची मते विचारावीशी वाटली. १९२७ साली मद्रासचे वकील दिवाणबहादूर रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटांच्या चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली. तिने देशभर फिरून ३५३ साक्षीदार तपासले, त्यांत फाळकेही होते, आणि १९२८ मध्ये अहवाल दिला. साक्ष द्यावयास आले ते बहुतेक वकील, शिक्षक, अधिकारी आणि चित्रपटधंद्यातील लोक. चार आण्यांच्या जागी बसणाऱ्या गिरणीकामगारास किंवा त्याच्या मुलास कोण बोलावणार? मुलांनी काय पाहावे, ह्याविषयी पुष्कळ जण बोलले. मुले मात्र बोलली नाहीत. प्रेक्षकाविषयीचे मत आणि प्रेक्षकाचे मत ह्यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

ह्या सुमारास प्रभात फिल्म कंपनी उदयास आली होती. १९२९ साली कोल्हापुरास स्थापन होऊन पुढे पुण्यास गेलेल्या ह्या कंपनीने चित्रांत काढलेल्या कोल्ह्याचा ‘जंबूकाका’ हा छोटा पट केला. तो प्रयोग पुढे चालला नाही. एकेका मिनिटासाठी शेकडो चित्रे हाताने काढावयाची, हा खर्च आणि हे श्रम त्या काळच्या व्यवसायास पेलण्यासारखे नव्हते. परंतु अद्भुताचा वसा प्रभातने सोडला नाही. १९३६ च्या ‘संत तुकारामा’त इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या आणि शेवटी वैकुंठास जाणारे विमान लोकांनी पाहिले, मुंबईस तो चित्रपट वर्षभरावर चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांचा ‘स्नो व्हाइट’ आला. गंमत अशी की इंग्लंडातील परीक्षकांनी हा चित्रपट मुलांस भीतिदायक ठरवून, त्यांनी तो वडीलधाऱ्यांसमवेतच पाहावा असा शिक्का त्यावर मारिला. त्या शिक्क्याची पुष्कळ थट्टा झाली. आम्हांस मात्र त्यात, परीक्षकांच्या मनात नसलेले, एक शहाणपण दिसते. भीतिदायक गोष्ट मुलापासून दूर ठेवण्यापेक्षा मुलाच्या शेजारी मोठे माणूस बसविणे अधिक चांगले. आणि बोहाड्यात आमचे आदिवासी बांधव हेच करीत आले आहेत.

स्वातंत्र्यानंतर ही वाटणी कायद्यात आणि संस्थांत उतरली. १९४९ च्या दुरुस्तीने चित्रपटांस ‘सर्वांसाठी’ आणि ‘केवळ प्रौढांसाठी’ अशी दोन प्रमाणपत्रे आली. १९५५ साली मुलांच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये सचेतन चित्रांचा विभाग उघडला, डिस्नेच्या कंपनीतील क्लेअर वीक्स ह्यांनी येथील चित्रकारांस धडे दिले, आणि १९५७ मध्ये जातककथेवरील ‘द बनियन डीअर’ तयार झाला. गो. के. गोखल्यांसारखे मराठी कलावंत ह्या विभागात होते. ह्या सर्व गोष्टी उपयुक्त होत्या. परंतु त्यांचा एकत्र परिणाम असा झाला की हलते चित्र म्हणजे एक तर सरकारी उपदेश, नाही तर मुलांचा खाऊ, अशी समजूत दृढ झाली. १९९५ साली दिवसभर केवळ ‘कार्टून’ दाखविणारी परदेशी वाहिनी भारतात आली, तेव्हा वाटणी पूर्ण झाली. ज्या अंगणात तीन पिढ्या बसत, त्याच्या जागी मुलांची एक निराळी खोली बांधली गेली, आणि मोठ्यांनी तिचे दार बाहेरून लोटून घेतले.

तरी मध्यंतरी एक मौजेचा अपवाद घडला. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची जपानी चित्रमालिका हिंदीतून लागे. घरात दूरचित्रवाणीचा एकच संच आणि त्यावर मोजक्याच वाहिन्या असल्यामुळे घरातील सर्वांस ती पाहावी लागे, आणि पाहता पाहता ती सर्वांची झाली. तिच्यातील शेरखान वाघास नाना पाटेकरांचा आवाज होता. मुले त्या आवाजास भीत आणि मोठी माणसे त्याच आवाजावर खूष होत. कोणी ठरवून केले नसताही जुने अंगण काही महिने पुन्हा भरले होते. साधनांची टंचाई ही नेहमीच आपत्ती नसते.

प्रेक्षकांच्या मतांनी एखाद्या कलाकृतीचे भवितव्य कसे ठरते व कसे पालटते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानी ‘रामायणा’चे होय. जपानी गृहस्थ युगो साको हे १९८३ साली डॉ. बी. बी. लाल ह्यांच्या उत्खननासंबंधी माहितीपट करीत असता रामकथेने मोहित झाले, आणि ती चित्रांतून सांगावयाची असे त्यांनी योजिले. वृत्तपत्रातील एका दिशाभूल करणाऱ्या बातमीमुळे विश्व हिंदू परिषदेने जपानी वकिलातीकडे निषेध नोंदविला. परक्याने, आणि तेही ‘कार्टून’मध्ये, रामायण दाखवू नये, असा आक्षेप होता. सरकारनेही सहकार्य नाकारिले. साकोंनी चिकाटी सोडली नाही. मुंबईचे सचेतन चित्रकार राम मोहन ह्यांच्या सहकार्याने, शेकडो कलावंतांनी हाताने काढलेल्या सुमारे एक लाख चित्रांतून, १९९२ साली चित्रपट पुरा झाला. परंतु त्या वर्षाच्या अखेरीस अयोध्येच्या प्रकरणाने देश ढवळून निघाला, आणि चित्रपटगृहांतून त्यास योग्य वाव मिळाला नाही. पुढे तो दूरचित्रवाणीवर लागू लागला, आणि ज्यांनी कोणताही वाद ऐकला नव्हता अशा मुलांनी तो पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मनात ठेविला. २०२५ च्या २४ जानेवारीस तो भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा तीच मुले आपल्या मुलांची बोटे धरून गेली. चाळीस वर्षांपूर्वी जो आक्षेप प्रौढांनी न पाहता घेतला होता, त्याचा निकाल मुलांनी पाहून लाविला. चित्रांत देव दाखविल्याने देवाचा कमीपणा होतो काय, ह्याचे उत्तर पिंगुळीच्या पोथ्यांत पूर्वीच लिहिलेले होते; ते वाचावयाचे राहिले होते इतकेच.

आता आरंभी सांगितलेल्या वादाकडे वळू. चंदनसारसारख्या वस्तीत आज जी मते कानी येतात, त्यांस ह्या इतिहासाच्या उजेडात तोलून पाहावे. उदाहरणादाखल ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकेत २००५ ते २००८ ह्या काळात झालेली एकसष्ट भागांची मालिका घेऊ. वायू, जल, पृथ्वी व अग्नी ह्यांवर सत्ता चालविणाऱ्या चार राष्ट्रांची ही कथा. शंभर वर्षे बर्फात राहिलेला बारा वर्षांचा मुलगा जागा होतो, तो आपले सर्व लोक युद्धात नाहीसे झाल्याचे त्यास कळते, आणि जगाचा समतोल सावरण्याचे ओझे त्याच्या शिरावर येते. ‘अवतार’ हा शब्दच आपला. त्यातील उडणाऱ्या प्रचंड जनावराचे नाव ‘आप्पा’ असल्याने मराठी घरांत प्रथम हशा पिकावयाचाच. लहान मुलांस आप्पा आवडतो आणि लढाया आवडतात. कॉलेजातील मुलांस बापाने हाकलून दिलेल्या, आणि बाप चुकतो आहे हे हळूहळू ओळखणाऱ्या राजपुत्राची घालमेल आवडते. आणि त्या राजपुत्राचा वृद्ध काका, ज्याचा एकुलता मुलगा युद्धात गेला, तो एकांतात त्याची आठवण काढतो, तो प्रसंग ज्यांनी आयुष्यात काही गमावले आहे त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे. मुलास त्या प्रसंगाचे मर्म कळणार नाही; पण शेजारी बसलेले मोठे माणूस गप्प झाले, एवढे त्यास नक्की कळेल. आणि ते का गप्प झाले, हे विचारण्यापासूनच मुलाचे मोठे होणे सुरू होते.

म्हणून आजोबांचे ‘पोरखेळ’ हे मत आम्हांस तागडथोमाच्या कुळातील वाटते. ते न पाहता दिलेले मत आहे. आईची तक्रार अधिक गंभीर आहे, आणि तीत तथ्यही आहे. सर्वच मालिका ‘अवतारा’च्या योग्यतेच्या नसतात. पुष्कळ मालिका केवळ आदळआपट आणि खेळण्यांच्या जाहिराती ह्यांवर जगतात, आणि लहान डोळ्यांपुढून काय जात आहे हे पाहणे हा आईबापांचा अधिकार व धर्म आहे. नव्या कायद्याने आता सात, तेरा व सोळा वर्षे अशा पायऱ्या प्रमाणपत्रांत पाडल्या आहेत, त्यांचाही काही उपयोग होईल. परंतु शिक्का हा सोबतीची जागा घेऊ शकत नाही. आणि थोरल्या मुलाचे ‘तुम्ही पाहिलेले नाही’ हे उत्तर उद्धट असले, तरी वस्तुतः ते निमंत्रण आहे. त्याने ते जरा गोड शब्दांत करावे आणि वडील मंडळींनी ते स्वीकारावे.

आमच्या दृष्टीने प्रश्न एखाद्या मालिकेच्या भल्याबुऱ्याचा नाही. शांबरिक खरोलिकेच्या काचा आणि फाळक्यांच्या आगकाड्या ह्यांच्यापुढे माणसे खांद्यास खांदा लावून बसली होती, आणि खेळ संपल्यावर घरी जाताना वाटेत बोलली होती. तेवढे बोलणे हीच त्या कलेची खरी समीक्षा, आणि तीच एका पिढीकडून दुसरीकडे रसिकता पोहोचविणारी वाट. आज पडदा तळहाताएवढा झाला आहे. त्यापुढे एकच डोके मावते. मूल एकटे भिते, एकटे हसते, आणि त्याचे मत कोणी विचारीत नाही, म्हणून पुढे पुढे त्यास मतच राहत नाही. केवळ सवय राहते. हे नुकसान कोणत्याही राक्षसाने करावयाच्या नुकसानापेक्षा मोठे आहे.

ह्यावर उपाय अवघड नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, लहान पडद्यावरील चित्र घरातील मोठ्या पडद्यावर घ्यावे, आणि मुलास जे आवडते ते त्याच्याबरोबर बसून एकदा पुरते पाहावे. नावडल्यास तसे सांगावे, पण कारणासह सांगावे. आणि मुलाचे मत आपल्या मताइतक्याच आदराने ऐकून घ्यावे. साधल्यास दोन्ही मते एखाद्या वहीत टिपूनही ठेवावीत. पन्नास वर्षांनी कोणी ह्या काळाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा कोणती मालिका कोणी काढली हे त्यास सहज सापडेल. ती पाहून चंदनसारच्या एका घरातील आजी, सून आणि नातू काय म्हणाले, हे मात्र त्या वहीवाचून त्यास सांगणारे कोणी असणार नाही.